आवाज मोठा म्हणजे ताकद मोठी?

विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या शर्यतींबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: “गाड्या पळतात खऱ्या, पण आवाजच नाही. मग मजा कसली?” ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादला हुसेनसागर तलावाच्या काठच्या रस्त्यांवर ‘फॉर्म्युला ई’ ही विजेच्या मोटारींची जागतिक शर्यत झाली. ती भारतात प्रथमच भरली होती. तिच्यात महिंद्राचा संघही होता. या कंपनीचा मोटारींचा कारखाना आपल्या नाशिकमध्ये आहे आणि तिचा संघ २०१४ सालच्या पहिल्या हंगामापासून या शर्यतींत उतरत आला आहे. तेव्हा ही तक्रार आपल्याला अगदी परकी नाही. ती खरी आहे का, हे पदार्थविज्ञानाला विचारून पाहू.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. इंजिनाचा आवाज आवडणे हा काही वेडेपणा नाही. आवाज ही एक बातमी असते. नाशिकहून पेठला येताना सावळघाट लागतो. तिथे चढणाऱ्या ट्रकचा चालक काट्याकडे न पाहता नुसत्या आवाजावरून गिअर बदलतो. गॅरेजमधला मिस्त्री कान देऊन इंजिनाचे दुखणे सांगतो. ही बातमी कशी तयार होते ते पाहा. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. बुलेट मोटारसायकलला एकच सिलिंडर असतो. तिचे इंजिन मिनिटाला १,००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ५०० स्फोट होतील, म्हणजे सेकंदाला सुमारे ८. आपल्या कानाला सेकंदाला २० पेक्षा कमी कंपने सलग सूर म्हणून ऐकू येत नाहीत. म्हणून बुलेटचे ठोके सुटे सुटे ऐकू येतात.

आता ‘फॉर्म्युला वन’ शर्यतीची मोटार घ्या. २०१३ पर्यंत तिला आठ सिलिंडर असत आणि इंजिन मिनिटाला १८,००० फेऱ्यांपर्यंत जाई. हिशेब केलात तर सेकंदाला १,२०० स्फोट येतील. हा झाला कानात घुसणारा तीव्र सूर. २०१४ मध्ये नियम बदलले. सहा सिलिंडरची छोटी इंजिने आली आणि प्रत्यक्ष फेरे सुमारे १२,००० वर उतरले. पुन्हा हिशेब करा: सेकंदाला ६०० स्फोट. कंपनसंख्या निम्मी झाली, म्हणजे सूर बरोबर एक सप्तक खाली आला! शिवाय धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूंच्या जोरावर टर्बाइन फिरू लागल्यामुळे आवाजाचा जोरही घटला. प्रेक्षकांनी ओरड केली. मोटारी मात्र दुबळ्या झाल्या नव्हत्या. शर्यतीला १०० किलोग्रॅम इंधनाची मर्यादा घातली गेली, ती आधीच्या वापरापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होती. आणि तेवढ्यात त्या शर्यत पुरी करू लागल्या. आवाज उतरला आणि कार्यक्षमता चढली.

मग आवाजात ताकद असते तरी किती? समजा, एका मोटारीचा आवाज दहा मीटर अंतरावर १२० डेसिबल भरतो. एवढ्या आवाजाने कान दुखू लागतात. १२० डेसिबल म्हणजे दर चौरस मीटरला १ वॉट. मोटारीभोवती दहा मीटर त्रिज्येचा अर्धगोल कल्पा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६३० चौरस मीटर. म्हणजे सगळ्या गर्जनेची शक्ती ६३० वॉट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. सुमारे ७५० अश्वशक्तीच्या मोटारीची कान फाडणारी गर्जना एका अश्वशक्तीचीही नाही! आपला मेंदू मात्र त्या गर्जनेलाच बळ समजून बसतो.

विजेच्या मोटारीला गर्जना नाही, पण इतिहास मोठा आहे. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेचीच होती. १८९९ साली कामिय झेनात्झी या बेल्जियन चालकाने फ्रान्समध्ये तो पराक्रम केला. आजची ‘फॉर्म्युला ई’ मोटार ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. तिची खरी गंमत ब्रेक लावताना असते. घाट उतरताना ट्रकचे ब्रेक तापतात, ती ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते. विजेच्या मोटारीत वेग कमी करताना तेच चलित्र जनित्र बनते आणि बॅटरीत वीज परत भरते. हैदराबादला धावलेल्या मोटारी शर्यतीतली ४० टक्क्यांहून अधिक ऊर्जा अशी परत मिळवू शकतात, असे आयोजक सांगतात. कुठे वीज खर्चायची, कुठे वाचवायची, याचा हिशेब चुकला की पुढे असलेला चालक मागे पडतो. हे नाट्य कानांनी कळत नाही, डोक्याने कळते.

आणि ही मोटार अगदी मुकी असते असेही नाही. चलित्राची शीळ, गिअरची किणकिण, टायरचा आणि वाऱ्याचा घोष असतोच. शर्यतीतला सगळ्यांचा आवडता क्षण म्हणजे मोटार समोरून सणकन जाताना सूर एकदम खाली घसरतो तो. हा डॉप्लर परिणाम. त्याला पेट्रोल लागत नाही. ताशी ३०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. ध्वनीचा वेग ३४० मीटर. येतानाच्या आणि जातानाच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर सुमारे १.६५ येते. संगीताच्या भाषेत सूर जवळजवळ ‘ध’ वरून ‘सा’ वर उतरतो. मोटार विजेची असली तरी तेवढाच.

आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीच पाहा. प्राण्यांच्या छळाचा प्रश्न गंभीर आहे, पण तो वेगळा. तिथे इंजिन नसते, तरी ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठली की हजारो माणसे श्वास रोखून धरतात. कोण पुढे येणार हे ठाऊक नसते, यातच शर्यतीचा थरार आहे.

म्हणून माझे मत असे: विजेच्या शर्यतींना कृत्रिम गर्जना जोडू नये. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. गर्जना म्हणजे ताकद, या समजुतीपायीच कितीतरी तरुण बुलेटचा सायलेन्सर बदलून फटाक्यांसारखे आवाज काढत शाळांवरून आणि दवाखान्यांवरून जातात. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत. कानाचे गणित लक्षात ठेवा: ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ही मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला किती वेळ उरतो ते तुम्हीच काढा. आतल्या कानातल्या ज्या केसपेशींमुळे आपण ऐकतो, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

आवाज हवा तिथे मात्र जरूर असावा. हळू चालणारी विजेची मोटार अंध माणसाला ऐकू आली नाही तर अपघात होईल. म्हणूनच युरोपात जुलै २०१९ पासून अशा मोटारींच्या नव्या मॉडेलांना कमी वेगात आवाज करणारे साधन सक्तीचे झाले. पादचाऱ्याला बातमी देणारा तो आवाज मला मान्य आहे. दुसऱ्यावर छाप पाडण्यासाठी केलेला नाही.

मित्रांनो, वर्गात या विषयावर वाद घाला. पण त्याआधी रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर उभे राहून, डोळे मिटून, दहा वाहने नुसती ऐका. कोणते चढावर आहे, कोणते लांब जात आहे, कोणाचे इंजिन आजारी आहे, ते वहीत लिहा. मग सगळ्यांत मोठ्या आवाजाचे वाहन सगळ्यांत ताकदवान होते का, ते तपासा.