शेरूच्या रक्तात कोण पोहतंय?

आमच्या मोशीच्या सोसायटीच्या गेटवर शेरू असतो. कुणाचाच नाही, म्हणजे सगळ्यांचा. चाकणच्या फर्स्ट शिफ्टची बस पहाटे येते तेव्हा शेपटी हलवत अर्ध्या सोसायटीला सी-ऑफ करणं ही त्याची ड्युटी. गेल्या पावसाळ्यात त्याने ती बंद केली. ताप, खाणं नाही, पाय सुजलेले. वॉचमनकाका म्हणाले, "ताई, ह्याचा डोळा बघा." डोळा निळसर-पांढरा झाला होता, आत दुधाचा थेंब सांडल्यासारखा.

पहिल्या डॉक्टरांनी डोळ्यात घालायचे ड्रॉप्स दिले. आठ दिवस वाया! दुसऱ्या मॅडमनी कानाच्या टोकाला सुई टोचली, रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि मला मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. लाल पेशींच्या गर्दीत काहीतरी वळवळत होतं. चिंचवड स्टेशनवर संध्याकाळी लोकल पकडायला निघालेल्या माणसासारखं, सगळ्यांना ढकलत. "ट्रायपॅनोसोम," मॅडम म्हणाल्या. "रक्तातला परजीवी. गुरांच्या डॉक्टरला विचार, तो ह्याला सर्रा म्हणेल."

सर्रा पसरवतात गुरांचं रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या. म्हशीने शेपटी मारली की माशी जेवण अर्धवट टाकून शेजारच्या जनावरावर बसते, आणि सोंडेला लागलेलं ओलं रक्त तिच्यासोबत जातं. एवढंच. आमच्या कंपाउंडला लागून म्हशींचा गोठा आहे (टू-बीएचकेच्या ब्रोशरमध्ये अर्थातच नव्हता). शेरूची दुपारची झोप त्याच गोठ्यात. म्हणजे बहुतेक तिथूनच.

मी बावळटासारखं हे सगळं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटांत उत्तर आलं: रक्तात किडे असलेला कुत्रा गेटवर नको, लहान मुलं आहेत. रविवारी मीटिंग. सेक्रेटरींचा एकच प्रश्न होता आणि खरं सांगू, तो चुकीचा नव्हता. हे माणसाला होतं का?

आता मी पडले मास कॉमवाली. रात्री लॅपटॉप उघडला तर पहिल्यांदा भेटला कोण, स्टीव्ह आयर्विन! मगरींच्या अंगावर उड्या मारणारा टीव्हीवाला. तो 2006 मध्ये गेला आणि 2009 मध्ये कोआलाच्या रक्तात सापडलेल्या नव्या ट्रायपॅनोसोमला शास्त्रज्ञांनी त्याचं नाव दिलं. कुणाच्या नावाचा रस्ता होतो, कुणाच्या नावाचा परजीवी.

तिथून पोचले बँडिकूटवर. मूळ बँडिकूट म्हणजे आपली घूस बरं का. तेलुगूत पंदिकोक्कु, डुक्कर-उंदीर. गोऱ्यांनी तोच शब्द ऑस्ट्रेलियातल्या एका पोटपिशवीवाल्या प्राण्याला चिकटवला. पर्थ शहरात हे बँडिकूट लोकांच्या परसात फिरतात, आणि त्यांच्या जातीतही ट्रायपॅनोसोम सापडलेत. त्याच भागातला वॉयली नावाचा छोटा पोटपिशवीवाला प्राणी 1999 ते 2006 या काळात सुमारे 90 टक्क्यांनी घटला. संशयितांच्या यादीत कोल्हे आणि मांजरांसोबत एक ट्रायपॅनोसोमही आहे. गुन्हा अजून सिद्ध नाही. पण तिथले शास्त्रज्ञ रानातल्या प्राण्याचं रक्त काचेवर घेऊन बघतात. आमच्याकडे गेटवरच्या कुत्र्याला ड्रॉप्स.

सेक्रेटरींचं उत्तर मात्र ऑस्ट्रेलियात नव्हतं, आपल्या चंद्रपुरात होतं.

2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातला एक शेतकरी महिनोन्महिने येणाऱ्या-जाणाऱ्या तापाने हैराण होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांना त्याच्या रक्तात ट्रायपॅनोसोम दिसले. तेही सर्राचे, गुराढोरांचे! माणसात हा परजीवी पक्का सापडल्याची जगातली ही पहिलीच नोंद. जागतिक आरोग्य संघटनेकडून सुरामिन नावाचं औषध आलं आणि शेतकरी बरा झाला. मग त्याच्या गावातल्या अठराशेहून जास्त लोकांची रक्तचाचणी झाली. काहींच्या रक्तात प्रतिपिंडं निघाली, म्हणजे परजीवीशी गाठ पडली असावी. पण जिवंत परजीवी कुणाच्याच रक्तात मिळाला नाही.

मग ह्या एकालाच का? उत्तर ब्रुसेल्सच्या प्रयोगशाळेतून 2006 मध्ये आलं. आपल्या रक्तात एपीओएल-1 नावाचं एक प्रोटीन असतं, ते ह्या परजीवीला मारून टाकतं. त्याच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. ह्या माणसाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. म्हणजे गेटवर वॉचमनच नाही! म्हैस, घोडा, कुत्रा यांच्याकडे हा वॉचमन जन्मतःच नसतो. शेरूचा त्यात काय दोष?

मीटिंगमध्ये मी हे सगळं सांगितलं. व्हिएतनामची केसही सांगितली, लपवली नाही. तिथे एका बाईला प्रोटीन ठीकठाक असूनही सर्रा झाला, 2016 मध्ये ती केस छापून आली. म्हणजे धोका शून्य नाही, पण जगभरात अशा केसेस बोटांवर मोजण्याइतक्या. शेरूला हाकलला तरी गोठा, माश्या आणि गल्लीतले बाकीचे कुत्रे इथेच राहणार होते. उलट तो निदान इंजेक्शनसाठी हाताला तरी लागत होता.

तासभर भांडण झालं. शेवटी ठरलं की शेरू बरा होईपर्यंत पंपरूममध्ये, खिडकीला मच्छरदाणी. गोठेवाल्या मामांना गुरांचा डॉक्टर बोलवायला सांगायचं. मामा सरळ म्हणाले, "म्हशी दूध कमी देतायत, मलाही शंका होतीच."

शेरू परत गेटवर आलाय. शेवटची स्लाइड क्लीन होती. डोळ्यावर थोडी साय राहिली आहे, त्यामुळे बस त्याला आधी ऐकू येते, मग दिसते. हा रोग उलटू शकतो म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा एक थेंब काचेवर घ्यायचाय. वर्गणी घरटी पन्नास रुपये. सेक्रेटरींचे अजून यायचेत.