शाळेच्या ओसरीवरून : बक्षिसांची यादी

स्नेहसंमेलनाचे दिवस आले, कीं आमच्या वऱ्हाडांतील शाळांतून बक्षिसांच्या याद्या वाचल्या जातात. त्या ऐकतांना मला अकोल्याचें सरकारी हायस्कूल आठवतें. तेथील एके काळचे हेडमास्तर विष्णु मोरेश्वर महाजनी यांनीं शेक्सपिअरच्या ‘सिंबेलिन’वरून ‘तारा’ हें नाटक १८७९ सालीं लिहिलें. पुढें १९०७ सालच्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें. वीस वर्षांनीं, १९२७ सालीं, त्याच पुण्यांत तोच मान श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांस मिळाला. हे त्याच हायस्कुलाचे विद्यार्थी! अशी दुसरी शाळा वाचकांस ठाऊक असल्यास अवश्य कळवावें.

कोल्हटकरांस बाळपणीं अर्धांगवायूचा विकार जडला होता. मुखावर त्याची खूण राहिली, उच्चार अस्पष्ट झाला. वक्तृत्वाच्या स्पर्धेंत अशा मुलाचा नंबर कसा लागावा? परंतु १८९६ सालीं किर्लोस्कर मंडळीनें त्यांचें ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणलें, आणि त्यांचे शब्द नटांच्या मुखांतून नाट्यगृहांत घुमूं लागले.

हें लिहितांना माझेंच एक कृत्य मनास टोचतें. मास्तरकीच्या उमेदीच्या काळांत एका अडखळत बोलणाऱ्या मुलाचें नांव मीं स्पर्धेच्या यादींतून खोडलें; चारचौघांत शाळेचें हंसें होऊं नये, एवढाच विचार. त्यानें आपलें भाषण वळणदार अक्षरांत लिहून आणलें होतें. तें मीं वाचलेंहि नाहीं. वही तशीच परत दिली.