देवगिरीचा कातळ आणि चंद्र
दौलताबादचा किल्ला चढताना नातवाने विचारले, "आजोबा, पाठशाळेत चंद्र म्हणजे ज्योतिष्क देवांचे विमान, शाळेत मात्र दगड. खरे कोणते?"

मी काळ्या कातळावर हात टेकला. हा बेसाल्ट, चंद्रावरील काळे डागही थिजलेल्या लाव्ह्याचे, बेसाल्टचेच. सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोल कोवळ्या पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या द्रव्यातून चंद्र घडला, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. अपोलो मोहिमांनी आणलेल्या ३८२ किलो नमुन्यांतील ऑक्सिजनची घडण पृथ्वीशी जवळजवळ तंतोतंत जुळते, हा त्याचा मोठा पुरावा.

"म्हणजे पाठशाळा चुकते?"

दोन वह्या जुळल्या नाहीत म्हणून बँकेत मी एकही फाडली नाही. पण दगडाच्या प्रश्नात साक्ष दगडाचीच मानतो, असे त्याला सांगितले. चातुर्मासात महाराजांनाही तो हेच विचारणार आहे.