न्यूटन रद्द झालेला नाही

‘न्यूटनला आइन्स्टाइनने खोटे पाडले आणि क्वांटमने दोघांनाही मोडीत काढले’, हे विधान विज्ञानावरच्या भाषणांत आणि शिकवणी वर्गांत सर्रास ऐकू येते. ते ऐकून मुले यांत्रिकी म्हणजे गुणांपुरता विषय मानू लागतात. निदान हिंगोली जिल्ह्यात तरी हा पूर्वपक्ष टिकू नये. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले.

पूर्वपक्षात खरे आहे तेवढे आधी मान्य करू. न्यूटनच्या सिद्धांतात गुरुत्वाकर्षण कितीही अंतरावर तत्क्षणी पोचते, त्यामुळे तिथे लहरींना जागाच नाही. बुधाच्या कक्षेतला शतकाला ४३ विकलांचा फरकही त्याला उलगडला नाही. लहरींचे भाकीत १९१६ मध्ये आइन्स्टाइनने केले आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी त्यांपैकी एक टिपली.

पण टिपली कशाच्या जोरावर? त्या लहरीने वेधशाळेच्या चार किलोमीटरच्या भुजेची लांबी बदलली ती प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी कमी. जमीन तर वाऱ्याने, वाहनांनी, दूरच्या समुद्रानेही सतत थरथरते. म्हणून ही लांबी लेसरने मोजण्यासाठी लागणारा ४० किलोचा आरसा एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीला टांगतात. टेकू लंबकाच्या स्वतःच्या वारंवारतेच्या दहापट वेगाने हलला, तर खाली त्या हालचालीचा सुमारे शंभरावा भागच उतरतो. चार टप्प्यांनंतर ढोबळमानाने दहा कोटीवा. हे गणित अथपासून इतिपर्यंत न्यूटनचे आहे, बारावीतल्या दोलनांच्या धड्याच्या एक पाऊल पुढचे. आइन्स्टाइनची समीकरणेही मंद वेग आणि क्षीण गुरुत्वाकर्षण असेल तिथे न्यूटनचेच उत्तर देतात. सिद्धांताची हद्द कळली म्हणून हद्दीच्या आतला सिद्धांत खोटा कसा ठरेल?

दुसरा समज याहून पक्का आहे: क्वांटम अणूंपुरते, हाताला लागणाऱ्या वस्तूंशी त्याचा संबंध नाही. लायगोतला लेसर फोटॉनांनी बनलेला आहे आणि त्यांची संख्या क्षणोक्षणी कमीजास्त होते. प्रकाश वाढवला की मोजणी सुधारते, पण आरशावर आदळणाऱ्या फोटॉनांचा दाबही जास्त डळमळतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या त्या दोन वेधशाळांपैकी लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळेने दाखवून दिले की ४० किलोचे आरसेसुद्धा या क्वांटम चढउतारांनी हलतात, मीटरच्या १० च्या उणे २० व्या घाताइतके. या अनिश्चिततेचा आकडा आधी गणिताने काढता येतो. त्यामुळे ‘क्वांटममध्ये काहीही घडू शकते’ असे म्हणत त्या नावाखाली उपचार आणि चमत्कार विकणाऱ्यांचे बोलणे निखालस खोटे आहे, आणि शिक्षकांनी तसे वर्गात स्पष्ट सांगायला हवे.

एकाच आरशात न्यूटन, आइन्स्टाइन आणि क्वांटम तिघेही कामाला लागलेले आहेत. एकाला वगळले तर यंत्र आंधळे होते. मग ज्या जिल्ह्यात हे यंत्र येते आहे, तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयांत लंबकाचा प्रयोग जर्नलमध्ये जुने आकडे उतरवून उरकला जाऊ नये. दोरा धरलेला हात आधी सावकाश, मग भरभर हलवायला सांगा. खालचा गोळा प्रत्येक वेळी किती सरकतो, ते मुलांना स्वतः मोजू द्या.