खिडकी उघडा, पण किल्ली कुणाकडे ते पाहा

क्लाउड म्हणजे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं काम, काळ्या पडद्यावर इंग्रजी आज्ञा टाइप करणाऱ्यांचं काम, असं आपल्यापैकी अनेकांना वाटतं. आंबा घाटाच्या वाटेवरच्या मलकापुरात संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी हा समज आधी मोडायला हवा.

ॲमेझॉनचं क्लाउड केंद्र २०१६ पासून मुंबईत आहे. मायक्रोसॉफ्टची केंद्रं त्याआधीच, २०१५ मध्ये पुणे आणि मुंबईत सुरू झाली. तिथे फायली ठेवायला आज्ञा पाठ असाव्या लागत नाहीत. विंडोज आणि मॅकवर मोफत मिळणारं सायबरडक उघडलं, की क्लाउडमधल्या फायली साध्या फोल्डरसारख्या दिसतात. माउसने ओढून आत टाकायच्या. मायक्रोसॉफ्टचं ॲझ्युर स्टोरेज एक्सप्लोररही मोफत आहे, ते लिनक्सवरही चालतं. अशी साधनं वापरणाऱ्याला कच्चा म्हणून कुणी हसलं, तर हसू द्या. सुरुवात महत्त्वाची.

माझी काळजी वेगळीच आहे. समजा, मोहल्ल्यातल्या एका मंडळाने वाचनालयाची रजिस्टरं, सभांचे फोटो आणि मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज स्कॅन करून क्लाउडवर ठेवायचं ठरवलं. एक उत्साही कार्यकर्ता पुढे आला. खातं त्याच्या ईमेलवर, कार्ड त्याचं आणि साधनात भरलेली ॲक्सेस कीसुद्धा थेट खातेमालकाची. ही की म्हणजे सगळ्या खोल्यांची एकच किल्ली. उद्या तो नोकरीसाठी दुबईला गेला किंवा त्याचा लॅपटॉप चोरीला गेला, तर? त्या अर्जांत लोकांचे आधार क्रमांक आहेत, उत्पन्नाचे दाखले आहेत.

सोप्या खिडकीत सगळं दिसतही नाही. ॲमेझॉनच्या साठवणीत व्हर्जनिंग आधी चालू केलेलं नसेल, तर पुसलेली फाईल परत मिळत नाही. तिथे रिसायकल बिन नसतं. सर्व्हर नुसता थांबवला, तरी त्याला जोडलेल्या डिस्कचं भाडं चालूच राहतं. बिल महिनाअखेरीला कळतं.

म्हणून खातं संस्थेच्या ईमेलवर काढा आणि त्याची माहिती दोन जबाबदार माणसांकडे ठेवा. फायली चढवणाऱ्या मुलाला किंवा मुलीला वेगळा वापरकर्ता करून द्या, त्याचे अधिकार त्या एका बकेटपुरतेच ठेवा. मालकाची की तयारच करू नका. खर्च ठरावीक रकमेपुढे गेला की ईमेल येईल, अशी बजेटची सूचना पहिल्याच दिवशी लावा.

तिजोरीची चावी आणि हिशोबाची वही एकाच माणसाकडे नको, म्हणून आपण जमातीच्या बैठकीत तावातावाने बोलतो. तोच आग्रह संगणकासमोर बसल्यावरही धरायला हवा. खिडकी कुणीही उघडावी. किल्लीचा हिशोब मात्र सगळ्यांना ठाऊक असावा.