सागरावरील शेजार

घोडेगावची वस्ती रस्त्याच्या आधाराने वाढली. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा महामार्ग गावातून जातो आणि कांद्याच्या हंगामात त्याच्या कडेला मालमोटारींची रांग लागते. अशा रस्त्यावर एक रीत आपोआप रुजते. रात्री कोणाची गाडी बंद पडली, तर मागून येणारा चालक थांबतो, जॅक काढून देतो, चाक बदलू लागतो. आणि ते दोघे पुन्हा भेटतील असा संभव जवळजवळ नसतो. या मदतीची नोंद कोणाच्या खाती टाकावी, हे जुन्या मुनिमालाही सांगता येणार नाही.

समुद्र येथून फार दूर. याच रस्त्याने उत्तरेस गेल्यास प्रवरासंगमाला नाथसागराचे पसरलेले पाणी दिसते, तेवढेच. तरीही शिडाच्या होडीतून हौसेने समुद्र हिंडणाऱ्यांची रीत या रस्त्यावरच्या रीतीशी जुळते. फरक इतकाच, की तेथे मागून येणारा सोबती कित्येक मैल दूर असतो.

‘गोल्डन ग्लोब’ ही एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत. २०१८ साली ती १९६८ च्या काळातील साधनांनिशी पुन्हा घेण्यात आली. सूर्य आणि तारे पाहून स्वतःचे स्थान काढायचे, असा नियम होता. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी तीत गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या होडीसह उतरले होते. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात होडी उलटली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. त्यांना उठून बसणेही अशक्य झाले. जवळचा किनारा शेकडो कोस दूर.

त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिन यांचीही होडी उलटली आणि तिचीही डोलकाठी गेली. संकटातील जीव वाचवणे हे सागरी कायद्याने प्रत्येक कप्तानाचे कर्तव्य ठरवले आहे, हे खरे. पण ज्याची स्वतःचीच नाव लुळी पडली आहे, त्याला कोणता कायदा बांधणार? मॅकगकिन यांनी उरल्यासुरल्या सामानातून तात्पुरते शीड उभारले आणि किनाऱ्याऐवजी टॉमी यांच्या दिशेने नाव वळवली. भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या विमानांनी शोध घेतला. अखेर २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ हे फ्रेंच गस्ती जहाज टॉमी यांच्यापर्यंत पोहोचले, आणि त्यानंतर त्याच जहाजाने मॅकगकिन यांनाही उचलून घेतले. म्हणजे मॅकगकिन यांच्या धडपडीचा प्रत्यक्ष उपयोग झाला नाही. नुसत्या नफा-तोट्याच्या दृष्टीने पाहणाऱ्याला ती व्यर्थ वाटेल. नौकानयन करणाऱ्या मंडळींत मात्र तिचे नाव आदराने निघते.

या शर्यतीचा पहिला इतिहासही व्यापारी कुटुंबांनी वाचावा असा आहे. १९६८ साली नऊ जण निघाले. एकटे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. त्यांची ‘सुहेली’ मुंबईत बांधलेली सागवानी होडी. स्पर्धकांपैकी डोनल्ड क्रोहर्स्ट यांनी दक्षिण अटलांटिकमध्येच घुटमळत राहून खोटी स्थाने कळवली होती. खोटा हिशेब जुळेनासा झाला; पुढे त्यांची होडी समुद्रात रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपल्या बक्षिसाचे ५,००० पौंड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला दिले. ओळीच्या दिवसांत श्रीपाळाची कथा ऐकणाऱ्यांना येथे धवल शेठ आठवल्यावाचून राहणार नाही. ज्याने अडकलेली जहाजे सोडवली, त्यालाच शेठने लोभापायी समुद्रात लोटले. आणि श्रीपाळाने तरीही त्याच्याविषयी वैर धरले नाही.

२०२२ ची शर्यत सुरू असताना, नोव्हेंबरमध्ये, फिनलंडच्या तापिओ लेहतिनेन यांची होडी काही मिनिटांत बुडाली. सुमारे एक दिवस ते तराफ्यावर होते. दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर यांनी मार्ग बदलला, त्यांना आपल्या नावेवर घेतले, मग एका मालवाहू जहाजावर चढवून दिले आणि पुन्हा शर्यतीला लागल्या. वाया गेलेला वेळ संयोजकांनी त्यांना वजा करून दिला. परंतु नाव वळवताना तो हिशेब कोणी केला नव्हता. २७ एप्रिल २०२३ रोजी त्या पहिल्या आल्या. दोन दिवसांनी दुसरे आले ते अभिलाष टॉमी. पाच वर्षांपूर्वी ज्यांना उचलून न्यावे लागले होते, तेच.

ज्ञानाचे देणेही या मंडळींत असेच फिरते. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे २००९ साली मुंबईहून निघाले, त्याआधी त्यांना नॉक्स-जॉन्स्टन यांचे मार्गदर्शन लाभले. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी बांधली. दोंदे यांच्या तयारीत टॉमी हाताशी होते. टॉमी २०१२ साली निघाले तेव्हा दोंदे. पुढे २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’वरून जग फिरून आलेल्या सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनाही दोंदे यांनीच शिकवले.

२ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच ‘तारिणी’वरून दिलना आणि रूपा या दोन महिला अधिकारी गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी सुखरूप परतल्या. त्यांना तयार केले होते अभिलाष टॉमी यांनी.