पायलट जरूर व्हा, पण शेत विकण्याआधी हे वाचा

मंडळी, आज जरा लांब लिहितोय. पवई, चांदिवली, मरोळ भागातल्या तिशी ओलांडलेल्या मुलामुलींनी वाचावं, आणि त्यांच्या आईवडिलांनी तर नक्की वाचावं.

माझा भाचा 31 वर्षांचा. हिरानंदानीत आयटीची नोकरी, पगार चांगला. मध्यंतरी घरी आला आणि म्हणाला, "मामा, नोकरी सोडतोय. पायलट होणार." मी हसलो. मग कळलं की तिकडे धुळ्याला दाजी चार एकर शेतासाठी गिऱ्हाईक शोधतायत. तेव्हा माझं हसू आटलं.

त्याच्यासोबत पवईतल्या एका हॉटेलात भरलेल्या 'करिअर मार्गदर्शना'ला गेलो. पडद्यावर गणवेशातले हसरे चेहरे, पगाराचे आकडे, आणि "देशाला 30,000 पायलट हवेत" हे वाक्य पाच वेळा. मी उभा राहून एकच विचारलं, "तुमच्याकडून परवाना घेतलेल्या किती जणांना गेल्या वर्षी नोकरी लागली?" उत्तर आलं, "सर, बी पॉझिटिव्ह!" सभागृहात टाळ्या पडल्या. माझ्या प्रश्नाला नाही, त्या उत्तराला.

आधीच सांगतो, वय आड येत नाही. बारावीला फिजिक्स-मॅथ्स, वयाची 18 वर्षं पूर्ण, डीजीसीएची वैद्यकीय तपासणी, लेखी पेपर आणि 200 तासांचं उड्डाण, एवढं झालं की कमर्शियल परवाना मिळतो. विमान कंपनीत 65 वर्षांपर्यंत उडवता येतं. म्हणजे 31 व्या वर्षी दिशा बदलणं हा वेडेपणा नाही. माझा राग स्वप्नावर नाहीच. स्वप्न विकणाऱ्यांवर आणि त्यांना मोकळं रान देणाऱ्या सरकारवर आहे.

आता त्यांच्या 30,000 चं बघू. हा आकडा केंद्रीय मंत्र्यांनीच दिलेला आहे, पण येत्या 15 ते 20 वर्षांसाठी. भागाकार करा. वर्षाला दीड ते दोन हजार. आणि 2023 या एका वर्षात डीजीसीएने कमर्शियल परवाने दिले 1,622. मग तो दुष्काळ गेला कुठे? शिबिरात 30,000 सांगतात, 15-20 वर्षं गिळून टाकतात.

कुणी म्हणेल, डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो विमानं रद्द झाली, ती पायलट नव्हते म्हणूनच ना? बरोबर. वैमानिकांची आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास झाली, नवे नियम लागू झाले आणि कंपनीचं नियोजन कोलमडलं. पण तिथे हवे होते ते एअरबस चालवू शकणारे तयार वैमानिक. काल परवाना मिळालेला मुलगा ती जागा भरू शकत नाही. कारण 200 तास उडवलेली असतात छोटी विमानं. एअरबस किंवा बोइंगसाठी वेगळं 'टाइप रेटिंग' करावं लागतं.

इथेच दुसरं बिल येतं. परवान्यापर्यंत साधारण 40 ते 50 लाख, आणि टाइप रेटिंगला आणखी पंधरा-वीस लाख सहज. शिबिरात पहिला आकडा हळू आवाजात सांगतात, दुसरा विचारल्याशिवाय सांगतच नाहीत. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते. ज्याच्याकडे तारण आहे तो उडणार. बाकीच्यांनी गच्चीवरून घाटकोपरवरून उतरणारी विमानं बघायची.

आणि नोकरी लागली म्हणजे सुटलो असंही नाही. 17 एप्रिल 2019 ला जेट बंद पडली, मे 2023 मध्ये गो फर्स्ट. दोन्ही आपल्या मुंबईच्या. कंपनी थांबते, कर्जाचा हप्ता थांबत नाही.

गावी गेलो की गोंदूरच्या धावपट्टीवरची शिकाऊ विमानं डोक्यावर घिरट्या घालताना दिसतात. बारामतीत तेच, गोंदियात तेच. धावपट्ट्या तुमच्याआमच्या पैशातून झाल्या. त्या विमानांत धुळ्याची, गोंदियाची किती मुलं बसतात, हे एखाद्या आमदाराने विधानसभेत विचारावं. नागपूर फ्लाइंग क्लब तर राज्य सरकारचाच. 'महाज्योती'ने त्याच्यामार्फत मागासवर्गीय मुलांसाठी प्रशिक्षणाची योजना आणली, चांगलं केलं. पण मोजक्या जागांनी काय होणार?

माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, फी एकरकमी नको, जेवढे तास उडवले तेवढेच पैसे. विमान गॅरेजमध्ये, शिक्षक रजेवर, वर पावसाळा, आणि मुलाचे लाखो रुपये आधीच जमा, हे बंद करा. दोन, प्रत्येक संस्थेने किती मुलं घेतली, किती तास उडवले, किती जणांना नोकरी लागली, हे दर सहा महिन्यांनी जाहीर करावं. तीन, सरकारी धावपट्टी वापरायची तर त्या जिल्ह्यातल्या मुलांना सवलतीच्या जागा द्याव्या आणि त्यांच्या कर्जाला राज्याने हमी द्यावी.

डीजीसीएने ऑक्टोबर 2025 पासून संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे. पहिल्या यादीत सर्वात वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. पैसे भरण्याआधी ती यादी तरी उघडून बघा.

भाच्याशी तीन रात्री वाद घातला. शेवटी ठरलं ते असं: आधी वैद्यकीय तपासणी, क्लास 2 आणि मग क्लास 1. डोळे, कान, हृदय यांत काही निघालं तर काही हजारांत कळेल, शेत गेल्यावर नाही. मग नोकरी सांभाळून नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम हे पेपर. ते पास झाला की पैशाचं बोलू. क्लास 2 झाली. आता शनिवार-रविवार पुस्तकात डोकं घालून बसतो. दाजींनी शेताचा विषय तूर्त बाजूला ठेवलाय, ताईला रात्री झोप लागते.

तुमच्या घरात असं कुणी निघालं असेल तर त्याला अडवू नका. फक्त पहिला चेक फाडण्याआधी माझा तो हॉटेलातला प्रश्न विचारा. टाळ्या पडल्या तरी खाली बसू नका.